नाताळची हिरवी सजावट

सदाहरित झाडांच्या डहाळ्या, वेली, फळे आणि शंकू (पाइनसारख्या झाडांची खवलेदार बोंडे) गोळा करून नाताळच्या दिवसांत घर व चर्च सजवण्याची ही रीत मुख्यतः इंग्लंड, जर्मनी आणि आसपासच्या थंड मुलखातली आहे. तिकडे डिसेंबरात ओक, बीच अशी रुंद पानांची बहुतेक झाडे उघडीबोडकी होतात आणि हिरवी राहतात ती हॉली, आयव्हीची वेल, बॉक्सचे झुडूप आणि फर, स्प्रूस, पाइन यांसारखी सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडे. कुंपणाला जे हिरवे उरले तेच घरात आले, त्यामुळे ही सजावट मुळातच बिनखर्चाची होती.

रोमन लोक सणावारी दाराला लॉरेल या सदाहरित झाडाच्या डहाळ्या बांधत. ख्रिस्ती घरांच्या दारांवरही त्या दिसू लागल्या, तेव्हा इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली. रीत मात्र टिकली. नाताळात लंडनमधील घरे व चर्च हॉली, आयव्ही आणि ऋतूत जे काही हिरवे मिळेल त्याने सजवली जातात, असे लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने १५९८ मध्ये नोंदवले आहे. प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथीयांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळचा सणच रद्द केला, पण राजेशाही परतल्यावर तो पुन्हा साजरा होऊ लागला. ख्रिसमस ट्री इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचला तो १९ व्या शतकात. त्याआधी छताला कड्यांचा गोल सांगाडा टांगून त्यावर हिरव्या डहाळ्या, सफरचंदे आणि खाली मिसलटोची जुडी बांधत. मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळाचा जवळचा नातेवाईक. मराठीत ज्याच्या नावाने माणसाला हिणवतात, त्याच्या जातभाईखाली तिकडे चुंबन घेण्याची प्रथा आहे.

घरी सर्वांत सहज जमणारी वस्तू म्हणजे दारावरचे गोल पर्णचक्र. (पुष्पचक्र म्हटले की मराठी वाचकाला श्रद्धांजली आठवते, म्हणून येथे हा शब्द.) विलो किंवा द्राक्षवेलीच्या ओल्या, लवचीक काटक्या वळवून साधारण ३० सेंमी. व्यासाचे कडे करतात. जुन्या तारेच्या हँगरचेही चालते. कड्याभोवती ओले शेवाळ दोऱ्याने गुंडाळले, तर पाने अधिक दिवस ताजी राहतात. डहाळ्या कापल्यावर रात्रभर पाण्यात उभ्या ठेवतात, नंतर त्यांचे १० ते १५ सेंमी. लांबीचे तुकडे करून चार-पाच तुकड्यांची एकेक जुडी बांधतात. प्रत्येक जुडी एकाच दिशेने, आधीच्या जुडीचे देठ झाकेल अशी ठेवून बारीक तारेने आवळायची असते आणि ही तार शेवटपर्यंत तोडायची नसते. नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते. जुड्या विरळ पडतात आणि मधून कडे दिसू लागते. शेवटची जुडी पहिलीच्या पानांखाली सरकवली की जोड कुठे आहे ते कळत नाही.

वर खोचायला पाइनचे शंकू, रानगुलाबाची लाल फळे आणि संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या पुरतात. चकत्या पाऊण सेंमी. जाडीच्या कापून ओव्हनमध्ये सुमारे १००° से. तापमानाला तीन-चार तास, मधून मधून उलटत, ठेवाव्या लागतात. शंकू ओलाव्यात मिटतात आणि उबेत उघडतात. म्हणून बंद शंकू टाकाऊ समजून फेकू नयेत. हॉलीला लाल फळे फक्त मादी झाडावर धरतात, त्यामुळे झाड हेरून ठेवावे लागते.

माल मिळवण्यासाठी पैसे लागतातच असे नाही. ख्रिसमस ट्री घरात बसवताना बुंध्याजवळच्या ज्या फांद्या छाटतात, त्या विक्रेते अनेकदा फुकट देतात. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानटी झाडाची पाने-फळे स्वतःपुरती तोडणे ही चोरी ठरत नाही. विकण्यासाठी तोडली तर ठरते. जागेच्या मालकाला विचारलेले तरीही बरे. हॉली व मिसलटोची फळे खाल्ल्यास बाधतात, म्हणून ती मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. फर-पाइनची वाळलेली पाने राळेमुळे भडकन पेटतात, तेव्हा शेकोटी आणि मेणबत्ती दूरच ठेवावी. गार दारावर टांगून अधूनमधून पाणी शिंपडले तर पर्णचक्र दोन-तीन आठवडे टिकते. इंग्लंडमध्ये ते ५ किंवा ६ जानेवारीला उतरवतात; पूर्वी काही ठिकाणी हिरवी सजावट २ फेब्रुवारीपर्यंत राही.

कोकण किनारा आणि गोव्यात हॉली नाही, फरही नाही. इथे ख्रिसमस ट्रीची हौस सुरू या झाडाच्या फांदीवर भागवली जात आली आहे. सुरू दिसतो सूचिपर्णी, पण तो त्या गटातला नव्हे. सुयांसारख्या दिसतात त्या त्याच्या बारीक हिरव्या काड्या, आणि खरी पाने त्यांच्या पेरांवर खवल्यांएवढी असतात. येशूजन्माच्या देखाव्यात, म्हणजे गोठ्यात, गवत व पेंढा अंथरतात. काही घरांत नाताळाच्या आठ-दहा दिवस आधी पसरट भांड्यात मातीवर नाचणी पेरतात आणि तिचे बोटभर उंचीचे दाट कोंब मेंढरांच्या मातीच्या मूर्तींभोवती कुरण म्हणून मांडतात.