कवड्या की मण्यार: आधी मान बघा

मृगाचा पाऊस झाला की माझ्या फोनवर सापांचे फोटो यायला लागतात, ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. कुणाच्या न्हाणीतला, कुणाच्या कपाटामागचा, कुणाच्या गोठ्यातल्या वैरणीखालचा. खाली एकच प्रश्न: "दादा, ही मण्यार हाय का ओ?" बहुतेक वेळा साप मेलेला असतो, डोकं ठेचलेलं असतं आणि तो बिनविषारी कवड्या असतो. मला त्याचं वाईट वाटतं. पण खरी धडकी भरते ती दुसऱ्या तऱ्हेच्या फोटोने. कॉलेजातला एखादा पोरगा शेपूट धरून हसत उभा असतो, खाली लिहिलेलं असतं 'कवड्या पकडला', आणि त्याच्या हातात जहाल विषारी मण्यार असते.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: "काळा साप, अंगावर पांढरे पट्टे." मण्यारीची एवढीच ओळख आपल्याकडे शाळेच्या भिंतीपासून गणपतीच्या देखाव्यापर्यंत सगळीकडे सांगितली जाते. ती अर्धवट आहे आणि अर्धवट ओळख इथे जिवावर बेतते.

नागाबद्दल आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा आमच्या सांगली जिल्ह्यातलंच. फणा निघाला की लहान पोरही लांब सरकतं. घोणस तिच्या कुकरच्या शिट्टीसारख्या फुत्काराने आणि पाठीवरच्या साखळीने कळते. घरात घुसणारी, आवाज न करणारी आणि बिनविषारी सापासारखी दिसणारी अशी एकच, मण्यार.

कवड्या तुम्ही पाहिलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. दीड-दोन फुटांचा, तपकिरी अंगाचा, रात्री फिरणारा. घरात येतो तो पालींसाठी. खरबरीत गिलाव्यावरून, पाइपाच्या कडेने सरळ भिंत चढतो. धरला की लगेच चावतो, थोडं रक्त येतं, विष नाही. जखम साबणाने धुवायची. पण तो कवड्याच होता याबद्दल तिळभर शंका असेल तर साबणावर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आता मुद्द्याचं. पट्टे दोघांनाही असतात. ते सुरू कुठे होतात ते बघायचं असतं.

कवड्याचा पहिला पट्टा मानेवरच असतो. देवीच्या आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ डोळ्यासमोर आणा. तशी पांढरी किंवा पिवळसर माळ त्याच्या गळ्यात असते. तिथून मागे एकेक पट्टा येतो. पुढचे पट्टे रुंद आणि ठळक, पाठीवरून बाजूला उतरताना फाकत जाणारे. शेपटीकडे जाता जाता ते विरत जातात आणि शेवटचा भाग बऱ्याचदा नुसता तपकिरी राहतो. माळ गळ्यात असते, शेपटीला नसते.

मण्यारीचं बरोबर उलट. मोठ्या मण्यारीची मान मोकळी असते. डोक्यामागचा बराचसा भाग नुसता काळा, निळसर झाक असलेला, नुकतं तेल लावल्यासारखा चमकणारा. मग पाठीच्या कण्यावर एखाद-दुसरा पांढरा ठिपका दिसतो. त्याच्या मागे कुठेतरी पट्टे सुरू होतात. ते बारीक असतात, दुधी असतात आणि बऱ्याचदा जोडीजोडीने येतात: दोन पट्टे जवळजवळ, मग मोकळी काळी जागा, पुन्हा दोन. शेपटीकडे जाल तसे ते अधिकच स्पष्ट होतात, टोकापर्यंत. म्हणजे कवड्या पुढून मागे पुसट होत जातो, मण्यार पुढून मागे ठळक होत जाते. फोटो पाठवणारा नेमकी शेपटीची बाजू पाठवतो, कारण साप बादलीमागे, पेटीमागे डोकं घालून बसलेला असतो. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो मानेचा.

मागच्या श्रावणात रात्री साडेनऊला चुलतवहिनींचा फोन आला. "भावजी, न्हाणीत मण्यार हाय. ह्यास्नी काठी आणाय लावलीया."

"मान दिसती का वहिनी?"

"न्हाय ओ, बादलीमागं हाय. अंगावरचं दोन पट्टं दिसत्यात नुसतं."

"मग दार ओढून घ्या, खालच्या फटीला पोतं लावा. आत कुणी जाऊ नका. आलो मी."

मी पोचेपर्यंत साप बादली सोडून नळाच्या पाइपाशेजारून भिंतीवर चढला होता. बॅटरी मारली. चपटं डोकं, मान वेगळी कळत होती आणि मानेवर ती माळ, अगदी स्वच्छ. दोन हातांवर एक पाल भिंतीला चिकटून बसली होती, तिच्यावर त्याचा डोळा होता. काठी घेऊन उभ्या असलेल्या दादालाही बॅटरीच्या उजेडात ती माळ दाखवली. त्याने न बोलता काठी कोपऱ्यात ठेवली. मागचं दार उघडं टाकलं, दिवा बंद केला. सकाळी साप नव्हता.

इथवर सोपं आहे. पुढचं मात्र नीट लक्षात घ्या, कारण 'मान बघा' एवढंच ऐकून गेलेला माणूस जास्त धोक्यात असतो.

मण्यारीच्या पिलांना पट्टे पार पुढेपर्यंत ठळक असू शकतात. वय वाढतं तसे पुढचे पट्टे तुटत, ठिपके होत, नाहीसे होत जातात. म्हणजे फूटभर लांबीच्या सापाबाबत मानेची खूण दगा देते, आणि नेमक्या त्याच आकाराच्या सापाला लोक "बारका हाय, कवड्याच असणार" म्हणून उचलतात. हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. पिलालाही विष असतं, पुरेसं असतं. उलट टोकाला काही मोठ्या मण्यारींचे पट्टे इतके पुसट होतात की साप नुसता काळा दिसतो. त्यात भर म्हणजे पट्टेरी कवड्या नावाचा कवड्याचा भाऊबंद. तो तपकिरी नसतो, काळाच असतो, चमकतोही. रंगावर जाल तर तिथे फसाल.

म्हणून माझा नियम एकाच दिशेने चालतो. मानेवर माळ दिसली तर काठी खाली ठेवा. माळ दिसली म्हणून हात मात्र पुढे करायचा नाही. काठी ठेवताना ओळख चुकली तर फारसं बिघडत नाही, साप लांबच असतो. हात घालताना चुकली तर एकच चूक पुरते.

खात्रीची खूण आहे, पण ती जिवंत सापावर बघायची नाही. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून खवल्यांची एक रांग जाते. त्या रांगेतले खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. कवड्याच्या पाठीवर सगळे खवले एकसारखे. हे बघायला कात उत्तम. परड्यात, शेणींच्या हुडव्याच्या बुडाशी, विटांच्या ढिगात कात सापडली तर फेकू नका. उन्हाकडे धरा आणि मधली रांग बघा. मग शेपटीची खालची बाजू बघा: मण्यारीच्या कातेवर तिथे सलग, एकेकटे खवले दिसतात, कवड्याच्या कातेवर दोन-दोनच्या जोड्या. कातेवर रंग नसल्यामुळे पट्ट्यांचा गोंधळच होत नाही. गेल्या वर्षी आमच्या मळ्यातल्या खोलीमागे अशी कात मिळाली. मधली रांग मधमाशीच्या पोळ्यासारखी उठून दिसत होती. त्याच दुपारी तिथला विटांचा ढीग हातमोजे आणि गमबूट घालून हलवला.

बाकीचे फरक पटकन सांगतो. मण्यार मोठी, साधारण तीन फूट, कधी पाचही. तिचं डोकं बोथट, मानेपासून फारसं वेगळं न दिसणारं, डोळे काळे. कवड्याचं डोकं चपटं आणि रुंद. चढण्यात कवड्या पटाईत, पण वर चढलेला साप कवड्याच असं धरून चालू नका.

डोक्यावरून आठवलं. "त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी" हे वाक्य ज्याने पसरवलं त्याने फार नुकसान केलंय. घोणस आणि फुरशापुरतं ते ठीक. मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं, नागाचंही नसतं. कवड्या आणि मण्यार या दोघांत जर कुणाचं डोकं मानेपासून रुंद दिसत असेल तर ते बिनविषारी कवड्याचं. दुसरं तसंच वाक्य, "दोन दातांची खूण असली तरच विषारी." कवड्याचे पुढचे दात लांब असतात, त्याच्या चाव्यानेही दोन ठळक टोचे दिसू शकतात. आणि मण्यारीचे दात इतके बारीक की कित्येकदा खूणच सापडत नाही. आणि तिसरा गैरसमज, मण्यार गरीब असते. दिवसा ती खरंच सुस्त असते, हलवली तरी वेटोळं करून त्यात डोकं लपवते. रात्री तीच मण्यार वेगळी असते. दिवसाढवळ्या तिला गळ्यात घालून व्हिडिओ काढणाऱ्यांना मी सर्पमित्र म्हणत नाही. सापाला नीट पिशवीत घालून न बोलता निघून जाणारा, तो सर्पमित्र.

मण्यारीचा चावा कळत का नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तिचा चावा बहुधा झोपेत, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. आग होत नाही, सूज नसल्यातच जमा. विष जातं ते मज्जातंतूंच्या टोकांवर. काही तासांनी पोटात कळा येतात, घसा धरतो, पापण्या जड होऊन झुकतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं आणि मग श्वासाचे स्नायू थकतात.

आमच्या वस्तीवर एक सात वर्षांचं पोरगं पहाटे पोट दुखतंय म्हणून रडत उठलं. आदल्या दिवशी गावच्या जत्रेत भजी खाल्लेली, म्हणून ओवा-पाणी झालं. पहिल्या दवाखान्यात पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी त्याच्या पापण्या उघडेनात, तर आजी म्हणाली, "झोप झाली न्हाय लेकराची." अंथरूण गोळा करताना वाकळेच्या घडीतून मण्यार निघाली. अंगावर चाव्याची खूण नव्हती. पोरगं पुढे चार दिवस व्हेंटिलेटरवर होतं आणि वाचलं. आता ते शाळेत जातं, पण त्या सकाळचे गेलेले तास मला अजून टोचतात. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, हे दोन्ही एकत्र आले की आधी मण्यार चावली असं धरून चाला. दवाखान्यात तसं तोंडाने सांगा, "जमिनीवर झोपला होता" हेही सांगा.

108 ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे थांबायचं नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता नेणं पुरे. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. पण मण्यारीच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. मज्जातंतूंची टोकं एकदा निकामी झाली की प्रतिविष ती परत आणत नाही, शरीराला ती नव्याने बांधावी लागतात, आणि तोवर श्वास मशीनने चालवावा लागतो. म्हणून व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात पुढे पाठवायला सांगितलं तर घोळ घालत बसू नका.

घराभोवती काय करायचं, तर मण्यार ज्यासाठी येते ते काढायचं. उंदीर, बेडूक, पाली आणि इतर साप हे तिचं खाणं. कवड्यालाही ती खाते. धान्याची पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर ठेवा. मोरीच्या भोकाला बारीक जाळी, दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी. विटा, कौलं, पाचट, शेणी घराला चिकटून रचू नका. रात्री अंगणात जाताना बॅटरी, बूट घालण्याआधी झाडणं. घराभोवती फिनेल, मीठ, दोऱ्या, बाजारातल्या पावडरी यांवर मी एक रुपया घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका. ते टाकलं की माणूस निर्धास्त होतो आणि दाराची फट तशीच राहते. साप दिसला आणि ओळख पटत नसेल तर नजर त्याच्यावर ठेवून लांब उभं राहा, सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाच्या 1926 वर फोन करा. मारणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच.

सगळ्यांत मोठा उपाय खाटेचा आहे. 2019 च्या महापुरात घरं सोडून शाळांमध्ये, देवळांत जमिनीवर झोपलेली माणसं पाहिली तेव्हापासून मी याबाबत हट्टी झालो. ऊसतोडीला येणारी कुटुंबं फडाशेजारी खोपीत लेकरांसह भुईवर झोपतात. ज्यांच्या फडात ती येतात त्यांनी दोन बाजा आणि चार मच्छरदाण्या द्याव्यात, फार खर्च नाही. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेल्या हव्यात, लोंबत्या नकोत. आमच्या घरी मृगापासून दिवाळीपर्यंत कुणी खाली झोपत नाही. पंचमीला माहेरवाशिणी आल्या आणि जागा कमी पडली तर शेजारच्या आबांकडून दोन बाजा आणतो, आणि निजायच्या आधी आई चारही कोपऱ्यांतून मच्छरदाणीखाली हात फिरवून बघते.