प्राथमिक शाळेतील कवितालेखन

पहिली ते पाचवीच्या मुलांकडून निरनिराळ्या काव्यप्रकारांत रचना करून घेण्याची अध्यापनपद्धती. कविता पाठ करून चालीवर म्हणण्यापेक्षा ती वेगळी; तिचा पाया मात्र त्या पाठ झालेल्या चालींतच असतो. मुंबईत महापालिकेच्या शाळा मराठीसह आठ माध्यमांत चालतात आणि मराठी वर्गातही घरी हिंदी, मालवणी वा भोजपुरी बोलणारी मुले असतात. त्यामुळे शब्दसंपत्तीपेक्षा कानावर भिस्त ठेवावी लागते.

सुरुवात बहुधा यमकाने होते, कारण ‘यमक जुळणारे शब्द शोधा’ हा स्वाध्याय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. घोडे तिथेच अडते. ‘शाळा–फळा’ जुळले की मूल सांगायचे ते विसरून तिसरा शब्द हुडकत बसते. त्यापेक्षा अक्षरे मोजणे सोपे. अक्षरछंदात लघु-गुरू (अक्षराचा आखूड-लांब उच्चार) पाहावे लागत नाहीत, जोडाक्षरही एकच धरतात. हिशेब बोटांवर होतो. मोठ्या अभंगाचे माप 6-6-6-4 अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. या मापातला एक नमुना :

पाऊस लागला । साचले हे पाणी ।
रुळांवर गाणी । बेडकांची ॥

चौथ्या चरणात चारच अक्षरे असल्याने ‘सुंदर’, ‘छान’ अशी भरताड शब्दांची खोगीरभरती आपोआप टळते. ओवीतही शेवटचा चरण आखूड, आधीच्या तिन्हींत यमक. पण अक्षरसंख्या सैल. जाते घरोघरी उरले नाही, म्हणून तिची चाल शिक्षकालाच म्हणून दाखवावी लागते, गळा कसाही असो.

हायकू मराठीत आणला तो मुंबईच्या कवयित्री शिरीष पै यांनी. तीन ओळींत 5-7-5 अक्षरांचा जपानी हिशेब मराठीत काटेकोर पाळला जात नाही. तीन ओळी आणि डोळ्यांसमोरचा एक क्षण एवढे वर्गात पुरते. चारोळी त्याहून लोकप्रिय, पण मुलांच्या हाती तिचा हटकून सुविचार होतो.

सर्वांत दुर्लक्षित प्रकार कोड्याचा. खरे तर त्यात वस्तूचे नाव घ्यायला बंदी असल्याने मुलाला ती नीट पाहावीच लागते : ‘दर थांब्यावर गिळते, दर थांब्यावर ओकते, तरी पोट भरलेलेच.’ उत्तर, बेस्टची बस.