बर्फ वितळवण्यासाठी लागणारा उष्मा

शून्याखालच्या बर्फाचे पाणी करण्यास किती उष्मा लागतो, हे एका सूत्रात निघत नाही. बर्फ आधी ०° सेल्सिअसपर्यंत तापतो, मग त्याच तापमानाला वितळतो आणि सगळा वितळल्यावरच पाणी तापू लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी शाळांमध्ये हे गणित विज्ञानाच्या तासाला येते, आणि मुले हमखास अडखळतात ती मधल्या टप्प्यावर.

पहिल्या व तिसऱ्या टप्प्यात वस्तुमान, विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एका अंशाने तापण्यास लागणारा उष्मा) आणि तापमानातली वाढ यांचा गुणाकार करायचा. एक किलो बर्फ एका अंशाने तापण्यास सुमारे २.१ किलोज्यूल लागतात, पाण्याला ४.२, बर्फासाठीही ४.२ धरणे ही नेहमीची चूक. मधल्या टप्प्यात तापमान वाढतच नाही, म्हणून तिथे अंशांचा प्रश्न नाही: वस्तुमानाला ३३४ किलोज्यूलने गुणले की झाले. हाच अप्रकट उष्मा किंवा सुप्त उष्णता; जुन्या एककात ग्रॅमला ८० कॅलरी. तापमापीचा पारा हलत नाही, कारण आत येणारा उष्मा बर्फातली रेणूंची बांधणी सोडवण्यात खर्ची पडतो. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या आरंभी ग्लासगोत प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली.

बर्फाच्या कारखान्यात पाण्याचे डबे थंडगार खाऱ्या पाण्यात बुडवून लादी गोठवतात, त्यामुळे ताजी लादी शून्याखाली असते. समजा −१०° ची १० किलोची लादी २५° च्या पाण्यापर्यंत न्यायची आहे. बर्फ तापण्यास २१०, वितळण्यास ३३४०, पाणी तापण्यास १०५० किलोज्यूल. एकूण ४६००, म्हणजे विजेचे सव्वा युनिट आणि वर थोडे. जवळजवळ तीन चतुर्थांश उष्मा एकट्या वितळण्याने खाल्ला. लादी दुकानात पोचून पाणी सुटू लागलेली असेल, तर ती शून्यावर आलेली असते आणि पहिला टप्पा सोडून द्यायचा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. त्यामुळे इथे पाणी शंभराच्या दोन-अडीच अंश आधीच उकळते. बर्फाचा वितळणांक मात्र एवढ्या उंचीने बदलत नाही म्हटले तरी चालेल.

या गणिताचा खरा उपयोग मासळीच्या पेटीत दिसतो. गोवा-कारवारकडची मासळी चोर्ला किंवा अनमोड घाट चढून येते. माशाचा विशिष्ट उष्मा ३.६ धरला, तर ३०° चे २० किलो बांगडे शून्यापर्यंत गार करण्यास २१६० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. तेवढ्यासाठी साडेसहा किलो बर्फ पुरे. तरीही उष्ण प्रदेशात माशाइतक्याच वजनाचा बर्फ घालावा असे सांगतात, कारण प्रवासभर पेटीच्या भिंतींतून बाहेरचा उष्मा आत शिरत असतो आणि त्याचाही भार बर्फालाच सोसावा लागतो. लादीभोवती भुसा आणि गोणपाट असते ते हीच आवक कमी करण्यासाठी. बाजारात झाकण काढल्यावर बांगड्यांच्या थराथरांत बर्फाचा चुरा अजून शिल्लक दिसला, तर मासा शून्याच्या आसपासच आहे. चुरा संपला की पारा चढू लागतो.