एचआयव्हीबाधित पुरुषांतील लैंगिक समस्या

एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांमध्ये कामेच्छा मंदावणे, लिंगाला ताठरता न येणे किंवा न टिकणे, वीर्यस्खलन फार लवकर वा फार उशिरा होणे या तक्रारी इतर पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. यामागे सहसा एकापेक्षा जास्त कारणे असतात. रुग्ण मात्र बहुधा एआरटीच्या (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या उपचारांच्या) गोळ्यांना दोष देतो आणि त्या परस्पर बंद करतो. हे फार घातक आहे: विषाणू पुन्हा वाढतो, औषधांना दाद न देणारे प्रकार तयार होऊ शकतात आणि तक्रार जिथल्या तिथेच राहते.

जोडीदाराला लागण होईल ही भीती सर्वांत आधी विचारात घ्यावी. एरवी ताठरता येते, पण कंडोम चढवताना नेमकी जाते, असे अनेक जण सांगतात. पहाटे ताठरता येत असेल तर रक्तपुरवठा व नसा बहुधा शाबूत असतात. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू दर मिलिलिटरला 200 प्रतींपेक्षा कमी राहिले, तर संभोगातून एचआयव्ही पसरत नाही. हे रुग्णाला आणि त्याच्या संमतीने जोडीदारालाही स्पष्ट सांगायला हवे. नैराश्य असल्यास त्यावर उपचार करावेत, मात्र त्यासाठीच्या एसएसआरआय या नैराश्यविरोधी गटातील गोळ्यांनीही कामेच्छा घटते आणि स्खलन लांबते.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी असण्याचे मूळ बहुतेकदा वृषणांत नसून मेंदूकडून येणाऱ्या संदेशांत असते. म्हणून वृषणांना हा संदेश देणारे एलएच हे संप्रेरक तपासावे लागते. रक्त सकाळी घ्यावे, आणि पातळी कमी निघाल्यास वेगळ्या दिवशी पुन्हा तपासावी. एचआयव्हीत एसएचबीजी हे प्रथिन अनेकदा वाढलेले असते. ते टेस्टोस्टेरॉन धरून ठेवते, त्यामुळे एकूण पातळी ठीक दिसते पण मुक्त (शरीराला वापरता येणारी) पातळी कमी असते. नुसत्या एकूण पातळीवर विसंबल्याने निदान हुकते. अफूजन्य वेदनाशामकांनीही ही पातळी घसरते. मूल हवे असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, कारण बाहेरून दिलेल्या संप्रेरकाने शुक्राणूनिर्मिती थांबू शकते.

मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि दीर्घकालीन दाह यांनी रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने बिघाड तिथे आधी जाणवू शकतो. म्हणून अशा रुग्णाची हृदयतपासणीही करावी. स्टॅव्हुडिनसारख्या एचआयव्हीवरील जुन्या औषधांनी नसा बधिर होत, चेहऱ्याची चरबी झडत असे. त्यातून आलेला न्यूनगंड काहींत आजही टिकून आहे.

सर्वांत मोठा धोका दुकानातून परस्पर घेतलेल्या सिल्डेनाफिलचा, म्हणजे ताठरतेसाठीच्या गोळीचा. एआरटीतील रिटोनाव्हिर व कोबिसिस्टॅट ही औषधे यकृतातील सीवायपी3ए4 हे औषधांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे सिल्डेनाफिल रक्तात कितीतरी पटींनी साचते. रिटोनाव्हिरसोबत 48 तासांत 25 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये; टाडालाफिल या तशाच गोळीची मर्यादा 72 तासांत 10 मिलिग्रॅम. एचआयव्हीवरील डोल्युटेग्राव्हिर हे औषध या विकराला रोखत नाही. छातीदुखीवरील नायट्रेट किंवा नशेसाठी हुंगायचे ‘पॉपर्स’ यांच्या जोडीने मात्र या गोळ्या कोणत्याही मात्रेत घेऊ नयेत. रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू ओढवू शकतो.