हायपरव्हायजर बदलताना गेस्ट टूल्सचे काय करावे?

हायपरव्हायजर म्हणजे एका संगणकावर अनेक आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन, चालवणारे सॉफ्टवेअर. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतल्यानंतर अनेक संस्था आपले व्हर्च्युअल मशीन केव्हीएमवर, म्हणजे २००७ पासून लिनक्सच्या कर्नेलचाच (गाभ्याचाच) भाग असलेल्या हायपरव्हायजरवर, नेऊ लागल्या. डिस्कच्या फाइलचे स्वरूप बदलणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे. खरी अडचण मशीनच्या आत बसवलेल्या गेस्ट टूल्सची असते, आणि नियोजनात नेमके त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते.

या टूल्समध्ये ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) असतात आणि हायपरव्हायजरशी संवाद साधणारी एक सेवा असते. व्हीएमवेअरवर वेगवान डिस्कसाठी पीव्हीएससीएसआय आणि नेटवर्कसाठी व्हीएमएक्सनेट-३ ही आभासी उपकरणे वापरतात, तर केव्हीएमवर ही दोन्ही कामे व्हर्टआयओ ही आभासी उपकरणांची व्यवस्था करते. विंडोजमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर मुळात नसतात. त्यामुळे नव्या ठिकाणी तिला स्वतःची बूट डिस्कच सापडत नाही आणि ती निळ्या पडद्यावर थांबते. अशा वेळी बूट डिस्क तात्पुरती साटा कंट्रोलरवर (ज्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच) ठेवावी, एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडावी, विंडोज सुरू करून ड्रायव्हर बसवावेत आणि मशीन बंद करून मगच बूट डिस्क व्हर्टआयओवर न्यावी. ती रिकामी डिस्क महत्त्वाची, कारण समोर प्रत्यक्ष उपकरण दिसल्यावरच विंडोज त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लागणाऱ्यांत नोंदवते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये व्हर्टआयओ असतेच; पण रेड हॅट परिवारातील वितरणांमध्ये सुरुवातीचा रॅमडिस्क (बूटच्या वेळी आधी लोड होणारा ड्रायव्हरचा संच) अनेकदा जुन्या हार्डवेअरपुरताच बांधलेला असतो, म्हणून निघण्यापूर्वी तो पुन्हा बांधून घ्यावा. नेटवर्क कार्डाचे नावही बदलते, आणि जुन्या नावावर लिहिलेला स्थिर आयपी पत्ता तसाच पडून राहतो.

विंडोजमधील व्हीएमवेअर टूल्स मात्र जुन्या ठिकाणीच काढून टाकलेली बरी. त्यांचा इन्स्टॉलर आपण व्हीएमवेअरवर आहोत का हे तपासतो, आणि नसल्यास अनइन्स्टॉल करण्यासही नकार देऊ शकतो. टूल्ससोबत नेटवर्कचा ड्रायव्हरही जातो. तेव्हा हे काम रिमोट डेस्कटॉपवरून न करता कन्सोलवरून (हायपरव्हायजर दाखवतो त्या मशीनच्या पडद्यावरून) करावे, आणि त्याआधी मशीनची पूर्ण प्रत घ्यावी.

शेवटी क्यूईएमयू गेस्ट एजंट, म्हणजे केव्हीएमवर हायपरव्हायजरशी संवाद साधणारी सेवा, बसवावा आणि मशीनच्या सेटिंगमध्येही तो चालू करावा. बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टीम थोडा वेळ गोठवण्याचे काम तोच करतो. तो नसला तरी बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येतो, पण त्यातला डेटाबेस अचानक वीज गेल्यावर असावा तशा अवस्थेत असतो.