रिपोर्टमधली नावं ओळखा: हृदयाच्या नसा आणि त्यांचा रक्तपुरवठा
(सीटी कोरोनरी अँजिओग्राफीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न येतो, "ब्लॉकेज किती टक्के?" आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज विचारला जातो आणि तो रास्तच आहे. पण त्या आकड्याच्या शेजारी आणखी काही लिहिलेलं असतं: एलएडीचा सुरुवातीचा भाग, डी-१, ओएम-२, आरसीएचा मधला भाग. ब्लॉकेज कुठल्या नसेत आहे आणि त्या नसेच्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे त्यावरून कळतं. टक्क्यांइतकंच ते महत्त्वाचं आहे, काही वेळा जास्तच. ही नावं ओळखीची झाली तर डॉक्टर काय सांगतात ते नीट समजेल आणि नेमके प्रश्न विचारता येतील, म्हणून हे पत्रक काढलं आहे. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा.

हृदयाला स्वतःला रक्त कुठून मिळतं?

हृदयाच्या कप्प्यांतून दिवसरात्र रक्त वाहत असतं, तरी हृदयाचा स्नायू त्या रक्तावर जगत नाही. आतला अगदी पातळ थर सोडला तर सगळ्या स्नायूला रक्त मिळतं ते हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कोरोनरी धमन्यांमधून. हृदयातून महाधमनी निघते, तिच्या झडपेच्या लगेच वर या धमन्यांची दोन तोंडं असतात, एक डावं आणि एक उजवं. महाधमनीला फुटणाऱ्या या पहिल्याच फांद्या. शरीराकडे निघालेल्या रक्तातला पहिला वाटा हृदय असा स्वतःकडे घेतं.

हा वाटा मोठा असतो. मोठ्या माणसाचं हृदय साधारण ३०० ग्रॅमचं, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का. पण शांत बसलेलं असतानाही त्याला मिनिटाला सुमारे २२५ ते २५० मिलिलिटर रक्त लागतं. हृदयातून बाहेर पडणाऱ्या एकूण रक्ताच्या हे चार-पाच टक्के झाले. शिवाय या रक्तातला जवळजवळ ७० टक्के प्राणवायू हृदय एरवीच काढून घेतं. त्यामुळे जिना चढताना किंवा बस पकडायला धावताना जास्त प्राणवायू लागला, तर आहे त्याच रक्तातून आणखी काढायला फारसं उरलेलं नसतं. रक्ताचा प्रवाह तीन-चार पटींनी वाढवणं हाच मार्ग राहतो. नस अरुंद असेल तर प्रवाह तेवढा वाढत नाही. घरात बसून ठणठणीत वाटणारा माणूस चढावर छाती धरून थांबतो आणि दोन मिनिटं उभं राहिलं की त्याला बरं वाटतं, ते यामुळे. असं होत असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. डाव्या कप्प्याचा जाड स्नायू आकुंचन पावतो तेव्हा स्वतःमधल्या बारीक रक्तवाहिन्या तोच दाबतो. म्हणून त्याला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मध्ये, तो सैल पडलेला असताना. ठोके वाढले की ही सैल पडण्याची वेळ घटते. ठोके कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या छातीच्या दुखण्यावर का देतात, ते यातून लक्षात येईल. आणि मुख्य नसा बाहेरून आत जात असल्यामुळे रक्त कमी पडलं की स्नायूचा आतल्या बाजूचा भाग आधी उपाशी राहतो.

डावी बाजू: लेफ्ट मेन, एलएडी, सर्कमफ्लेक्स

डाव्या तोंडातून निघते ती लेफ्ट मेन. बहुतेकांमध्ये ती सेंटिमीटरभरच लांब असते, पण डाव्या बाजूचं सगळं रक्त तिच्यातून जातं. इतर नसांमध्ये साधारणपणे ७० टक्क्यांपासून पुढचं ब्लॉकेज गंभीर धरतात, लेफ्ट मेनमध्ये मात्र ५० टक्केच पुरे होतात. "पन्नासच टक्के आहे" असं म्हणून तो रिपोर्ट कपाटात ठेवू नका. ही टक्केवारी नसेच्या व्यासाची असते. व्यास निम्मा झाला की रक्त जायला मूळच्या जागेच्या पाव भागच उरतो, आणि ७० टक्क्यांना तर दहावा हिस्सासुद्धा उरत नाही.

लेफ्ट मेनला दोन फांद्या फुटतात. समोरच्या खाचेतून हृदयाच्या टोकाकडे उतरते ती एलएडी. रिपोर्टमधल्या डी-१, डी-२ म्हणजे तिच्या डायगोनल फांद्या, त्या डाव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीला रक्त देतात. सेप्टल फांद्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात शिरतात आणि त्याचा पुढचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सांभाळतात. शरीरभर रक्त ढकलण्याच्या कामात एवढा मोठा स्नायू दुसऱ्या कुठल्याच एका फांदीवर सहसा अवलंबून नसतो.

जागेचं महत्त्व इथे सगळ्यात चांगलं कळतं. शेताच्या पाटाला तोंडाशीच बांध पडला तर खालचे सगळे वाफे कोरडे राहतात, शेवटच्या वाफ्याजवळ पडला तर तेवढाच वाफा सुकतो. एलएडीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या सेप्टल फांदीच्या आधी असलेलं ७० टक्के ब्लॉकेज आणि टोकाजवळच्या बारीक भागातलं ७० टक्के ब्लॉकेज यांत असाच फरक असतो. पहिल्यावर लवकर निर्णय घ्यावा लागतो, दुसऱ्यावर पुष्कळदा गोळ्यांवर भागतं. दोन शेजाऱ्यांचा आकडा एकच असून उपचार वेगळे का, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागं असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या नसेत ब्लॉकेज उघडण्यासाठी पहिल्यांदा फुगा फुगवला (अँजिओप्लास्टी), तोही एलएडीच्याच सुरुवातीच्या भागात.

दुसरी फांदी सर्कमफ्लेक्स, म्हणजे रिपोर्टमधली एलसीएक्स. ती डावीकडून वळसा घालून मागे जाते. ओएम-१, ओएम-२ या तिच्या फांद्या बाजूच्या आणि मागच्या भिंतीला रक्त देतात. ईसीजीच्या नेहमीच्या बारा लीडपैकी (हृदयाकडे पाहण्याच्या दिशांपैकी) एकही थेट पाठीमागून पाहत नाही, त्यामुळे या नसेतला अडथळा ईसीजीत कधी कधी लपून राहतो. छातीत दुखणं सुरूच असेल तर एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात, ते उगाच नव्हे.

काही जणांमध्ये लेफ्ट मेनला दोनऐवजी तीन फांद्या असतात. मधल्या फांदीला रेमस म्हणतात. हा आजार नाही.

उजवी बाजू: आरसीए

उजव्या तोंडातून निघते ती आरसीए. ती उजव्या कप्प्याला आणि बहुतेकांमध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त देते. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात त्या गाठीला सुमारे ६० टक्के लोकांमध्ये रक्त याच नसेकडून जातं, आणि ठोका खालच्या कप्प्यांकडे पोचवणाऱ्या गाठीला तर त्याहूनही जास्त लोकांमध्ये. म्हणून आरसीए अचानक बंद पडली तर नाडी मंद होऊ शकते, घेरी येऊ शकते.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या जागेची. खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते, त्यामुळे तिथला अटॅक पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, उलटी अशा रूपात येऊ शकतो. मग घरी सोडा, ओवा, अँटासिडची गोळी यांत तास-दोन तास जातात, आणि रक्त पूर्ण बंद झालेला स्नायू तर अर्ध्या-पाऊण तासातच मरायला लागतो. पोटात जळजळ आणि सोबत दरदरून घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणं असेल तर थेट १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखणं फारसं जाणवतही नाही, नुसता थकवा किंवा धाप लागते. घरात दुसऱ्या कुणासाठी आणलेली सॉर्बिट्रेट (नसा रुंद करणारी गोळी) जिभेखाली ठेवायची घाईही करू नका. अटॅकमध्ये उजवा कप्पा सापडला असेल तर त्या गोळीने रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरू शकतो.

रिपोर्टमध्ये "राइट डॉमिनंट" दिसलं की काही जण घाबरतात. खालच्या भिंतीवरची पीडीए नावाची नस कुणापासून निघते, एवढाच त्याचा अर्थ. दहापैकी सात-आठ जणांमध्ये ती आरसीएपासून निघते. "लेफ्ट डॉमिनंट" हीही नैसर्गिक रचनाच आहे.

रिपोर्टमधल्या इतर काही गोष्टी

"कोलॅटरल" म्हणजे शेजारच्या नसांमधून तयार झालेले पर्यायी रस्ते. ब्लॉकेज हळूहळू वाढलं तर हे रस्ते रुंद व्हायला वेळ मिळतो, म्हणून १०० टक्के बंद नस असलेल्या माणसाचाही स्नायू जिवंत असू शकतो. "मायोकार्डियल ब्रिज" म्हणजे नसेचा थोडा भाग स्नायूच्या आतून जाणं, बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. कॅल्शियम स्कोअर म्हणजे नसांच्या भिंतीत साठलेल्या कॅल्शियमचं माप. तो शून्य असणं ही चांगली खूण आहे, पण मऊ चरबीचा थर त्यात दिसत नाही. त्रास होत असेल तर शून्यावर विसंबू नका.

तपासणीला येताना

हलत्या हृदयाची स्वच्छ चित्रं मिळावीत म्हणून ठोके मिनिटाला ६०-६५ पर्यंत असलेले बरे. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद ठेवा, आणि गरज पडल्यास ठोके कमी करणारी गोळी आम्ही इथे देतो. दमा असेल तर आधी सांगा. नसा रुंद दिसाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, त्यामुळे सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक समस्येवरची) गोळी घेतली असेल तर न संकोचता सांगा, ही माहिती आमच्यापाशीच राहते. आयोडीनयुक्त औषध शिरेतून द्यावं लागतं, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणा, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी सुरू असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून या.

बायपास झालेला असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. त्यावर "लिमा टू एलएडी" असं लिहिलेलं असेल तर छातीच्या आतल्या बाजूची धमनी एलएडीला जोडलेली आहे. ती गळ्याखालच्या आडव्या हाडामागच्या (कॉलरबोनमागच्या) धमनीपासून निघते, त्यामुळे स्कॅन नेहमीपेक्षा बराच वरून सुरू करावा लागतो.