बायबल दोघांचेही, पण शेवटचा शब्द कोणाचा?

‘कॅथलिक पोपला मानतात, प्रोटेस्टंट बायबलला’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ऐकायला सोपे वाटते, पण यात दोघांवरही अन्याय होतो. बायबल हे देवाचे वचन आहे यावर दोघांचे एकमत आहे. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेत (उपासनेत) रोज शास्त्रपाठ वाचला जातो आणि अहिल्यानगरच्या (म्हणजे जुन्या अहमदनगरच्या) प्रोटेस्टंट चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची परंपराही आहे. वाद आहे तो पुढचा. एकाच वचनाचे दोन अर्थ निघाले तर निवाडा कोणी द्यायचा?

हा प्रश्न नेमका कुठे ऐरणीवर आला ते सांगता येते. १५१९ साली जर्मनीत लाइपझिगला प्रोटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन ल्यूथर आणि कॅथलिक बाजूचा योहान एक यांचा जाहीर वाद झाला. ल्यूथरचा रोख पोपच्या अधिकारावर होता. योहान एक हा मोठा मुरब्बी वादपटू. त्याने यान हुसचा विषय काढला. बोहेमियाच्या (आजच्या चेकियातल्या) या धर्मसुधारकाला चर्चच्या कॉन्स्टन्स इथल्या परिषदेने पाखंडी ठरवल्यावर १४१५ मध्ये जिवंत जाळले होते. ल्यूथरची मते हुसच्या मतांशी जुळतात, असा योहान एकचा आरोप होता. हुसची काही मते खरोखर ख्रिस्ती होती, असे ल्यूथर बोलून गेला आणि तिथेच पेचात सापडला. कारण मग पोपच नव्हे, अख्ख्या चर्चची परिषदही चुकू शकते असे मानावे लागते. ल्यूथरने ते मानले. दोन वर्षांनी वर्म्सच्या राजसभेत सम्राटासमोर त्याने हेच सांगितले: पोप आणि परिषदा चुकल्या आहेत, एकमेकांच्या विरुद्धही बोलल्या आहेत, शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून दिल्याशिवाय मी माघार घेणार नाही.

कॅथलिक चर्चचे उत्तर ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेतून आले. प्रेषितांकडून आलेले सत्य लिखित ग्रंथांत आहे आणि अलिखित परंपरेतही आहे. दोन्हींचा आदर सारखाच. यामागचा युक्तिवाद भक्कम आहे. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांच्या हातात नवा करार नव्हताच. तो मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लिहिला गेला आणि कोणती पुस्तके घ्यायची, कोणती नाही, हेही मंडळीनेच ओळखले. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात सांगतो की तोंडी असो वा पत्राने, जे शिकवले ते धरून राहा.

इथे परंपरा म्हणजे रूढी नव्हे, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. धर्मगुरूंनी अविवाहित राहावे हा कॅथलिक चर्चचा शिस्तीचा नियम आहे आणि तो बदलू शकतो. पोपला मानणाऱ्या पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आजही आहेत. पोपच्या अचुकतेबद्दलही, म्हणजे पोप चुकू शकत नाही या शिकवणीबद्दलही, असाच घोटाळा होतो. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने ती जाहीर केली, पण ती पोपच्या प्रत्येक वाक्याला लागू नाही. श्रद्धा किंवा नीती यांबद्दल सर्व चर्चला बांधील असा निर्णय पोप आपल्या पूर्ण अधिकाराने देतो, तेव्हाच ती लागते. त्यानंतर असा गंभीर निर्णय एकदाच दिला गेला, १९५० मध्ये, येशूची आई मरिया हिच्या स्वर्गोन्नयनाबद्दल (ती सदेह स्वर्गात घेतली गेली याबद्दल).

प्रोटेस्टंट बाजूबद्दलचा गैरसमज उलटा आहे. ‘केवळ शास्त्र’ म्हणजे परंपरेला रजा, असे लोक समजतात. ल्यूथर आणि दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन हे प्राचीन चर्चमधल्या संत ऑगस्टिनचे दाखले पानोपानी देतात आणि नायसियाचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचा जुना जाहीरनामा) मानतात. त्यांचे म्हणणे इतकेच की परंपरा आणि परिषदा सल्ला देऊ शकतात, शास्त्राच्या वर बसू शकत नाहीत. बिशप असला की चर्च कॅथलिक, हेही खरे नाही. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बिशप आहेत, पण अखेरचा अधिकार सिनॉडचा (चर्चच्या प्रतिनिधी सभेचा), रोमचा नव्हे.

पण शास्त्र स्वतःच पुरेसे स्पष्ट आहे का? १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघेही पोपविरोधी, दोघेही शास्त्राचे अभ्यासक. शेवटच्या भोजनात भाकरी देताना येशूने म्हटलेल्या ‘हे माझे शरीर आहे’ या शब्दांवर गाडी अडली: ल्यूथर ते शब्दशः घेई, झ्विंग्ली प्रतीक म्हणून. ल्यूथरने ते शब्द टेबलावर खडूने लिहून ठेवले आणि शेवटपर्यंत हटला नाही. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले, तरी फूट पडली. प्रोटेस्टंट भूमिकेची सर्वांत दुखरी जागा मला हीच वाटते. कॅथलिक बाजूची दुखरी जागा कॉन्स्टन्सची: न्यायाधीशच चुकला तर दाद कुठे मागायची?

हा वाद पुस्तकांच्या यादीपर्यंत जातो. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, प्रोटेस्टंट बायबलात ६६. फरक जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा, कारण प्रोटेस्टंटांनी यहुद्यांची हिब्रू यादी प्रमाण धरली. त्या सातांतले एक म्हणजे मक्काबींचे दुसरे पुस्तक. त्याच्या बाराव्या अध्यायात लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. सेनापती यहूदा त्यांच्या पापासाठी प्रार्थना करवतो, दोन हजार चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमेला अर्पण पाठवतो. मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथलिक इथे आधार शोधतात. दोन नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा होते. प्रोटेस्टंट अंत्यविधीत बहुधा मृताच्या आयुष्याबद्दल आभार मानतात, घरच्यांसाठी सांत्वन मागतात आणि गेलेल्याला देवाच्या हाती सोपवतात. ल्यूथरने १५३४ च्या आपल्या बायबलात ही पुस्तके वेगळी काढून छापली: वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत.

अंतर थोडे कमीही झाले आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या ल्यूथरच्या मूळ प्रश्नाच्या गाभ्यावर आता एकमत आहे, असे त्यात म्हटले आहे. देवाचे वचन आणि चर्चची शिकवण यांचे नाते, तसेच चर्चमधला अधिकार, हे मुद्दे मात्र त्याच घोषणापत्राने अजून सुटायचे आहेत म्हणून नोंदवले आहेत.